ताकदीच्या सुईचा पहिला डॉक्टर

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर, यांपैकी कुठल्याही स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटे चाला, एखादी तरी जिम दिसतेच. दारावर पिळदार दंडांचे पोस्टर, आत प्रोटीनच्या डब्यांची रांग. जिमला जाणारी बहुतेक मुले घाम गाळायलाच जातात. पण काहींच्या कानावर सुईची गोष्ट येते. महिनाभर सुई घे, दंड भरतील, असे कोणीतरी कुजबुजते.

त्याच रस्त्याने एक दुसरा माणूसही जात असतो. वय पंचेचाळीस-पन्नास. वर्षभरात त्याच्या हाताची पकड सैल झाली आहे. शर्टाचे बटण लावायला वेळ लागतो, कुलपात किल्ली फिरत नाही, लोकलच्या दारातला दांडा धरायची भीती वाटते. अंगठ्याच्या मुळाशी असतो तो मांसल उंचवटा बसत चालला आहे. दुखत काहीच नाही, म्हणून तो डॉक्टरकडे गेलेला नाही. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, आणि ओळखीचा कोणीतरी त्यालाही ताकदीची सुई सुचवतो.

तरुण मुलगा आणि हा गृहस्थ, दोघांना मिळालेल्या सल्ल्यामागे समजूत एकच आहे. शरीरात ताकदीचा एक रस असतो, तो कमी पडला की माणूस गळतो आणि सुईने भरला की पुन्हा उभा राहतो. या समजुतीचा माग काढत गेलो तर आपण पोहोचतो सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये, शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार या डॉक्टरांपाशी. गंमत अशी, की हे डॉक्टर मज्जातंतूंचे त्यांच्या काळातले फार मोठे जाणकार होते. स्नायू कोणाच्या हुकमाने हलतात हे त्यांच्याइतके फार थोड्यांना ठाऊक होते. तरीही सुईने त्यांना चकवले. म्हणून त्यांचे आयुष्य आज समजून घेण्यासारखे आहे.

मॉरिशसचा पोरका मुलगा

ब्राउन-सेकार यांचा जन्म 8 एप्रिल 1817 रोजी मॉरिशस बेटावरच्या पोर्ट लुईस या बंदरात झाला. आपल्याकडच्या मराठी माणसाला हे बेट परके नाही. 1834 पासून हिंदुस्थानातून मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबेही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात. त्या बंदरात ही माणसे उतरू लागली तेव्हा ब्राउन-सेकार तिथेच, ऐन सतरा-अठरा वर्षांचे होते.

त्यांचे वडील चार्ल्स ब्राउन हे अमेरिकन जहाजाचे कप्तान. मुलगा जन्मण्याआधीच ते समुद्रात बेपत्ता झाले. आई शार्लोट सेकार ही बेटावरच्या फ्रेंच घराण्यातली. तिने शिवणकाम करून मुलाला वाढवले. पुढे आई गेल्यावर मुलाने तिचे आडनाव आपल्या नावाला कायमचे जोडून घेतले. बेट इंग्रजांच्या ताब्यात, वडील अमेरिकन, आई फ्रेंच. त्यामुळे हा माणूस नेमका कुठल्या देशाचा, हा प्रश्न आयुष्यभर त्यांच्या मागे राहिला.

मुलगा लवकरच दुकानात कारकुनी करू लागला. मनात मात्र लेखक व्हायचे होते. 1838 साली आई आणि मुलगा दोघे पॅरिसला गेले. तिथे शार्ल नोदिए या नावाजलेल्या साहित्यिकाला त्याने आपले लेखन दाखवले. नोदिए यांनी त्याला पोटापाण्यासाठी दुसरा धंदा बघायला सांगितले. तो सल्ला मानून मुलगा वैद्यकाकडे वळला. आईने मॉरिशसहून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी खाणावळवजा घर चालवून त्याचा खर्च भागवला. पण मुलगा डॉक्टर झालेला पाहायला ती उरली नाही. 1846 साली त्याला पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी मज्जातंतूंची जाड दोरी.

मज्जारज्जूचा नकाशा

त्या काळी मज्जारज्जूत कुठला धागा कुठे जातो, याविषयी गोंधळ होता. ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले. मज्जारज्जूचा उजवा अर्धा भाग कापला तर उजव्या बाजूची हालचाल जात होती, पण वेदनेची आणि गरम-थंडाची जाणीव मात्र डाव्या बाजूची जात होती. याचा अर्थ, वेदनेची बातमी नेणारे तंतू मज्जारज्जूतच बाजू बदलतात. हालचालीचा हुकूम आणणारे तंतू तिथे बाजू बदलत नाहीत.

सुऱ्याचा वार किंवा अपघात यांमुळे मज्जारज्जूची एकच बाजू दुखावली, तर माणसात हेच चित्र दिसते. आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ते ब्राउन-सेकार सिंड्रोम या नावानेच शिकवले जाते.

शोध मोठा होता, पण पोट भरत नव्हते. 1852 साली ते अमेरिकेला गेले. इंग्रजी जेमतेम येत होते. जहाजावरच त्यांनी ती भाषा शिकून घेतली. तिथे फ्रेंचच्या शिकवण्या केल्या, पाच-पाच डॉलरवर बाळंतपणे केली. बोस्टनच्या एलेन फ्लेचर यांच्याशी 1853 साली लग्न झाले. 1854 मध्ये ते मायदेशी, मॉरिशसला परतले.

त्याच वर्षी बेटावर पटकीची मोठी साथ आली आणि हजारो माणसे दगावली. ब्राउन-सेकार रुग्णसेवेत उतरले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पटकीवर अफूचा अर्क किती उपयोगी पडतो हे पाहण्यासाठी त्यांनी रुग्णांची वांती स्वतः गिळली आणि वर अफूचा जबर डोस घेतला. त्या अफूने त्यांचाच जीव जायची वेळ आली होती. साथ ओसरल्यावर बेटाने त्यांचा सुवर्णपदक देऊन गौरव केला.

पुढे अमेरिकेतल्या रिचमंड शहरात प्राध्यापक असताना त्यांनी त्वचेचे काम समजून घेण्यासाठी सगळ्या अंगाला वार्निश फासून घेतले. त्यातूनही ते थोडक्यात वाचले. स्वतःचे शरीर हीच त्यांची प्रयोगशाळा होती. धाडस मोठे होते, पण त्यात एक धोकाही होता. प्रयोग करणारा, प्रयोग सोसणारा आणि निकाल लिहिणारा एकच माणूस असला, तर चूक दाखवणार कोण?

ग्रंथींचे कोडे

1855 साली लंडनच्या टॉमस ॲडिसन यांनी काही विचित्र रुग्णांची नोंद केली. अंग काळवंडलेले, कमालीचा थकवा, आणि शेवटी मृत्यू. शवविच्छेदनात त्यांच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी खराब झालेल्या दिसल्या. ब्राउन-सेकार यांनी 1856 मध्ये प्राण्यांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी जगत नव्हते. एवढीशी ग्रंथी, पण तिच्याशिवाय जीव राहत नाही, हे त्यांनी दाखवले. ही ग्रंथी रक्तात काहीतरी सोडत असणार, हा विचार तेव्हापासून त्यांच्या डोक्यात घर करून बसला.

यानंतरची वर्षे धावपळीची होती. 1860 साली लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये पक्षाघात आणि अपस्माराच्या रुग्णांसाठी नवे रुग्णालय उघडले. तिथल्या पहिल्या डॉक्टरांमध्ये त्यांची नेमणूक झाली. रुग्णांची गर्दी एवढी वाढली, की संशोधनाला वेळ मिळेना. 1863 मध्ये ते ती जागा सोडून गेले. 1864 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले, 1867 मध्ये तीही जागा सोडली. पॅरिस, लंडन, बोस्टन, न्यूयॉर्क अशी ये-जा चालूच होती. पत्नी वारल्या, पुढे पुन्हा संसार मांडले, पण पाय एका जागी टिकला नाही. अटलांटिक महासागर त्यांनी साठाहून अधिक वेळा ओलांडला असे सांगतात.

1869 : एकाच पॅरिसमध्ये दोन धागे

या फिरस्तीतही त्यांनी एक पक्के काम केले. 1868 साली पॅरिसमध्ये शार्को आणि व्हुल्पियाँ या दोन मोठ्या डॉक्टरांबरोबर त्यांनी शरीरक्रियाशास्त्राचे एक नियतकालिक सुरू केले. पुढच्याच वर्षी, 1869 मध्ये, या नियतकालिकात शार्को आणि त्यांचे सहकारी जोफ्र्वा यांचा एक लेख छापून आला. त्यात अशा रुग्णांचे वर्णन होते, ज्यांचे स्नायू हळूहळू वाळत गेले होते आणि मृत्यूनंतर ज्यांच्या मज्जारज्जूतला हालचालींचा भाग झिजलेला आढळला होता.

1874 मध्ये शार्को यांनी या आजाराला नाव दिले, अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, म्हणजे आजचा एएलएस. मोटर न्यूरॉन आजारांच्या गटातला हा सर्वांत ठळक आजार.

हा आजार साध्या भाषेत असा समजून घेता येईल. मेंदूतून निघालेला हालचालीचा हुकूम दोन टप्प्यांत स्नायूपर्यंत जातो. पहिली चेतापेशी मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत, दुसरी मज्जारज्जूतून थेट स्नायूपर्यंत. या पेशींना मोटर न्यूरॉन म्हणतात. घरातला दिवा लागत नसेल तर कधी बल्ब गेलेला असतो, कधी वायर तुटलेली असते. मोटर न्यूरॉन आजारात बल्ब म्हणजे स्नायू मुळात ठीक असतो, वायर झिजते. हुकूम येईनासा झाला की स्नायू आधी फडफडतो, मग दुबळा होतो आणि शेवटी वाळतो. जाणीव मात्र शाबूत राहते. म्हणूनच दुखत नाही, बधिर होत नाही, आणि माणूस महिनोन्‌महिने दुर्लक्ष करत राहतो.

योगायोग असा, की त्याच 1869 साली ब्राउन-सेकार पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत व्याख्याने देत होते. शरीरातल्या सगळ्या ग्रंथी रक्तात काही उपयुक्त द्रव्ये सोडतात आणि ती कमी पडली की शरीराला जाणवते, हा विचार त्यांनी तिथे मांडला. स्नायू वाळवणाऱ्या आजाराचे वर्णन आणि हार्मोनची कल्पना, दोन्ही एकाच वर्षी, एकाच शहरात आकाराला येत होत्या. दोन्हींशी संबंध असलेला माणूस एकच होता.

बहात्तराव्या वर्षीचा प्रयोग

1878 मध्ये क्लॉद बर्नार हे थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ वारले. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समधली त्यांची जागा ब्राउन-सेकार यांना मिळाली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी या फिरत्या माणसाला अखेर कायमचा पत्ता मिळाला. त्यांनी फ्रेंच नागरिकत्वही घेतले.

पण शरीर थकत चालले होते. प्रयोगशाळेत अर्धा तास उभे राहिले तरी बसावे लागे. रात्री झोप लागत नसे. एरवी जिने पळत चढणारा माणूस आता कठडा धरून चढत होता. तेव्हा त्यांना आपला जुना विचार आठवला. वृषणांतून काही द्रव्य रक्तात जात असेल आणि म्हातारपणी तेच आटत असेल तर?

मे 1889 मध्ये त्यांनी कुत्र्यांची आणि गिनी पिगची वृषणे कुटून पाण्यात अर्क काढला, गाळला आणि त्याच्या सुया स्वतःला टोचून घ्यायला सुरुवात केली. टोचलेल्या जागी भयंकर ठणका लागे. तरी त्यांनी नेटाने नोंदी ठेवल्या. मुठीची ताकद मोजायचे डायनॅमोमीटर नावाचे यंत्र त्यांच्याकडे होते. त्यावर त्यांच्या हाताची ताकद सहा-सात किलोंनी वाढलेली दिसली. तासन्‌तास उभे राहता येऊ लागले, जिने चढता येऊ लागले, कोठा साफ होऊ लागला, डोके चालू लागले.

1 जून 1889 रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळाच्या सभेत बहात्तर वर्षांच्या या प्राध्यापकाने हे सगळे जाहीर सांगितले. सुया बंद केल्यावर काही आठवड्यांत पहिला थकवा परतला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. जुलैमध्ये लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख आला.

बातमी वणव्यासारखी पसरली. अमृत सापडले अशी हाकाटी झाली. वर्तमानपत्रांनी काहींनी डोक्यावर घेतले, काहींनी टर उडवली. हजारो डॉक्टर असा अर्क टोचू लागले. ब्राउन-सेकार यांनी स्वतः यातून पैसा कमावला नाही. मागेल त्या डॉक्टरला ते अर्क फुकट पाठवत. पण बाजाराला कोण आवरणार? भोंदूंनी बाटल्या भरल्या, नावे दिली आणि विकल्या. अस्वच्छ सुयांमुळे जागोजागी गळवे झाली ती वेगळीच.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की मज्जारज्जूच्या आजारांनी पांगळे झालेल्या रुग्णांनाही हा अर्क देण्यात आला आणि त्यांच्यात सुधारणा होते असे ब्राउन-सेकार यांनी लिहिले. मज्जारज्जूचा नकाशा काढणारा माणूसच तुटलेल्या वायरीवर ताकदीच्या रसाचा उपाय सांगत होता.

त्या सुईत होते काय?

याचे उत्तर पुष्कळ उशिरा मिळाले. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन शुद्ध स्वरूपात हाती आले 1935 साली. वृषणे ते बनवतात, पण साठवून ठेवत नाहीत. शिवाय ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. 2002 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ब्राउन-सेकार यांची कृती जशीच्या तशी करून कुत्र्याच्या वृषणांचा अर्क काढला आणि त्यातले टेस्टोस्टेरॉन मोजले. आजच्या उपचारात देतात त्याच्या मानाने ते हजारो पटींनी कमी निघाले.

म्हणजे मुठीची वाढलेली ताकद अर्काची नव्हती. ती अपेक्षेची होती. आपल्याला औषध मिळाले आहे, आता बरे वाटणार, या खात्रीने माणूस जास्त जोर लावतो, जास्त वेळ उभा राहतो, जास्त चालतो. ते खोटे नसते आणि ढोंगही नसते. पण ते औषधाचे काम नसते. यालाच आज प्लासिबो परिणाम म्हणतात. म्हणूनच आता कुठलेही नवे औषध तपासताना निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले काहीतरी देतात, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही आणि डॉक्टरलाही सांगत नाहीत. ब्राउन-सेकार यांच्या प्रयोगात नेमके हेच नव्हते.

तरी त्यांचा मूळ विचार खरा होता. 1891 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी थायरॉइड ग्रंथी आटल्याने सुजलेल्या, मंदावलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. तिला खरोखर गुण आला. पुढे तोच अर्क पोटातून घेत ती आणखी अठ्ठावीस वर्षे जगली. 1905 मध्ये हार्मोन हा शब्द रूढ झाला. 1922 मध्ये इन्सुलिनने मधुमेही मुले मरणाच्या दारातून परतू लागली. चुकीच्या प्रयोगाने उघडलेले दार योग्य खोलीत नेत होते.

हे सगळे पाहायला ब्राउन-सेकार नव्हते. 1894 च्या सुरुवातीला त्यांची तिसरी पत्नी वारली आणि काही आठवड्यांतच, 2 एप्रिल रोजी, सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाच्या सहा दिवस आधी, त्यांनीही डोळे मिटले. मॉरिशसमध्ये आज मनोरुग्णांच्या एका सरकारी रुग्णालयाला त्यांचे नाव आहे.

स्नायू वाळतात तेव्हा हार्मोनचे काय होते?

ब्राउन-सेकार यांच्यानंतरही डॉक्टरांनी हा प्रश्न सोडला नाही. स्नायू वाढवणारे हार्मोन असते, तर वाळणाऱ्या स्नायूला ते का देऊ नये? 1983 मध्ये थायरॉइडला चालना देणारे मेंदूतले टीआरएच हे हार्मोन एएलएसच्या रुग्णांना शिरेतून देण्यात आले. काही तास ताकद वाढल्यासारखी दिसली आणि मोठी आशा निर्माण झाली. नीट तुलना करणाऱ्या पुढच्या चाचण्यांत ती टिकली नाही. वाढीच्या हार्मोनशी नाते असलेल्या आयजीएफ-1 या द्रव्याच्या 1990 च्या दशकातल्या दोन चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. एकीत फायदा दिसला, दुसरीत नाही. 2008 मध्ये 330 रुग्णांना दोन वर्षे तपासलेल्या चाचणीचा निकाल आला. फायदा नव्हता. खुद्द वाढीचे हार्मोन देऊन पाहिले, त्यानेही आजार थांबला नाही.

सर्वांत उलटी गोष्ट कळली ती केनेडी आजारात. अमेरिकेतल्या विल्यम केनेडी यांनी 1968 मध्ये त्याचे नीट वर्णन केले. हाही मोटर न्यूरॉन झिजण्याचाच आजार, पण सावकाश चालणारा. तो मुख्यतः पुरुषांना होतो. तिशी ते पन्नाशीत पायांत गोळे येऊ लागतात, हात थरथरतात, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, हनुवटी आणि जीभ फडफडते, गिळताना ठसका लागतो. अनेकांची छातीही स्त्रियांसारखी वाढते.

1991 मध्ये त्याचे कारण सापडले. टेस्टोस्टेरॉनला पेशीत पकडणारे एक प्रथिन असते, अँड्रोजन रिसेप्टर. त्याच्या जनुकातला एक लहान तुकडा या रुग्णांत प्रमाणाबाहेर पुन्हा पुन्हा आलेला असतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. म्हणून आजार आईकडून मुलाकडे येतो. आईला सहसा त्रास नसतो, पण मामाला असतो आणि भाच्याला होतो.

सदोष प्रथिनाला टेस्टोस्टेरॉन चिकटले की ते पेशीच्या केंद्रात जाऊन साचते आणि मोटर न्यूरॉन बिघडवते. जपानमधल्या नागोया इथल्या संशोधकांनी 2002 मध्ये उंदरांवर हे दाखवले. नर उंदरांची वृषणे काढली तर आजार मंदावला. माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिले तर त्यांनाही आजार झाला. ब्राउन-सेकार यांच्या समजुतीच्या अगदी उलट चित्र. इथे ताकदीचा समजला जाणारा रसच मज्जातंतूंचा वैरी होता.

यातून उपचारही उलटा निघाला, हार्मोन कमी करण्याचा. ल्यूप्रोरेलिन हे टेस्टोस्टेरॉन घटवणारे औषध जपानने 2017 मध्ये केनेडी आजारासाठी मंजूर केले. ते जादूचे नाही. मोठ्या चाचणीत सगळ्या रुग्णांचा एकत्रित निकाल ठोस नव्हता. आजार दहा वर्षांपेक्षा कमी जुना असलेल्यांना उपयोग झाल्याची चिन्हे होती. पण दिशा स्पष्ट झाली. अशा माणसाला पातळ झालेले दंड पाहून कोणी पुरुषी हार्मोनची सुई दिली, तर ती आगीत तेल ओतणारी ठरू शकते.

सुईच्या आधी प्रश्न

मग सुरुवातीच्या त्या गृहस्थाने काय करावे? ताकद कमी होणे आणि स्नायू वाळणे यांची कारणे अनेक आहेत. थायरॉइडचा बिघाड, बी-12 किंवा डी जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, मानेच्या मणक्यात मज्जारज्जूवर आलेला दाब, काही औषधांचे दुष्परिणाम. यांतली बरीच बरी होणारी आहेत. मज्जातंतूंचा एक आजार तर अगदी मोटर न्यूरॉन आजारासारखा दिसतो, पण त्यावर चांगले उपचार आहेत. म्हणून पहिला प्रश्न एकच, बल्ब गेला आहे की वायर तुटली आहे?

त्याचे उत्तर मेंदूविकारतज्ज्ञ म्हणजे न्यूरोलॉजिस्ट देऊ शकतात. रक्ताच्या तपासण्या, स्नायू आणि मज्जातंतूंची विजेची तपासणी, गरज पडल्यास मानेचा एमआरआय, एवढ्यात बहुतेक वेळा दिशा सापडते. केनेडी आजाराचा संशय असेल तर जनुकाची चाचणी होते. आपल्या भागातून मध्य रेल्वेने गेले तर शीवचे लोकमान्य टिळक, परळचे केईएम आणि भायखळ्याचे जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मेंदूविकार विभाग आहेत. प्रवास लांबचा आहे हे खरे. पण चार महिने सुया घेत घरी बसण्यापेक्षा तो एक दिवस मोलाचा आहे.

निदान मोटर न्यूरॉन आजाराचे निघालेच, तर कोणी बरे करण्याची हमी दिली तर त्याच्यापासून दूर राहावे. रिल्युझोल हे औषध आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. श्वास कमी पडू लागला की मास्कने हवा देणारे यंत्र, गिळता येईना तर पोटात नळीने अन्न, वजन घटू न देणे, सांधे आखडू नयेत म्हणून हलका व्यायाम, आणि बोलणे अवघड झाले की मोबाइलवरून संवाद, यांनी आयुष्य वाढते आणि सुसह्य होते. चालणे-फिरणे कमी झाले असेल तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही अर्ज करता येतो. घरच्यांनीही पेशंटला जोर लावायला लावू नये. आळस आणि हा आजार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जिममधल्या मुलांसाठीही एवढेच. टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या जातीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. बाहेरून हार्मोन आले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, वृषणे लहान होतात, शुक्रजंतू घटतात, रक्त दाट होते, कोलेस्टेरॉल बिघडते. आणि घराण्यात मामाला, मावसभावाला स्नायू वाळण्याचा त्रास असेल, तर अशी सुई घेण्याआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवे.

ब्राउन-सेकार यांनी स्वतःच्या हाताची ताकद यंत्रावर मोजली आणि आकडा खरा मानला. आकडा खरा होता, त्याचा अर्थ लावण्यात चूक झाली. सुईनंतर बरे वाटले, असे कोणी सांगेल तेव्हा त्याच्यावर अविश्वास दाखवायचे कारण नाही. त्याला फक्त विचारायचे, की तुझे स्नायू का वाळत आहेत, हे कोणी तपासले आहे का?